सॅलीच्या घरचं माणूस

"बाई, कार्यक्रम छान झाला. मुली अगदी रंगून गेल्या होत्या. पण ते शेवटचं, तिच्या घरचं, कशाला सांगितलंत?"

गेल्या दहा-बारा वर्षांत हे मला इतक्या जणांनी विचारलंय की कुणी बाजूला घेऊन हळू आवाजात "बाई, एक बोलू का?" म्हणालं की पुढचं वाक्य मला पाठ असतं. विचारणारी माणसं वाईट नसतात. बहुतेक वेळा कुणाची तरी आई असते, कधी त्या शाळेतल्याच एखाद्या बाई असतात, एकदा तर माझा सख्खा भाऊ होता. त्यांना वाटतं, रॉकेटचं, यानाचं, शास्त्राचं बोलणं चाललं होतं, त्यात अंतराळवीर सॅली राइडची जोडीदार एक बाईच होती, हे मध्येच कुठून आलं? नववीतल्या एका मुलीने मात्र याहून अवघड प्रश्न विचारला होता. ती म्हणाली, "तिने स्वतः सत्तावीस वर्षं कुणाला सांगितलं नाही ना? मग तुम्ही का सांगता?"

त्या मुलीला मी तेव्हा धड उत्तर देऊ शकले नाही. प्रोजेक्टर आवरायचा होता, एसटी गाठायची होती. आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट बसून लिहिते.

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या शाळांमध्ये मुलींशी अवकाशाबद्दल बोलायला जाते. त्यात सॅली राइडची गोष्ट ठरलेली. अवकाशात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री. जगातली पहिली ती नव्हे. पहिली सोव्हिएत संघाची व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा, १९६३ साली, आणि दुसरीही त्यांचीच, स्वेतलाना सवित्स्काया, १९८२ मध्ये. सॅली तिसरी. हे मी दर वेळी सांगते, कारण दर वेळी कुणी ना कुणी चुकतंच.

माझी तिची ओळख एका कात्रणातून झाली. आमची आत्या तालुक्याच्या गावी शाळेत शास्त्र शिकवायची. त्याच शाळेत मराठी आणि चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई तिच्याबरोबर राहायच्या. शाळेत आत्या म्हणजे 'मोठ्या बाई' आणि त्या 'धाकट्या बाई'. गावातही तीच नावं रूढ झाली आणि आमच्या घरीही. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे ओटा, ओट्याच्या कडेला सदाफुली. आत्याला कात्रणांचं वेड होतं. जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर ती कात्रणं चिकटवायची. त्यासाठी गव्हाच्या पिठाची खळ धाकट्या बाई शिजवायच्या आणि कागदाला कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायच्या. कात्रणाखालचा मजकूरही त्यांनीच लिहायचा, त्यांचं अक्षर छापल्यासारखं म्हणून. "खाली काय लिहू हो, मोठ्या बाई?" असं त्या विचारायच्या आणि आत्या चुलीजवळून किंवा न्हाणीतून ओरडून सांगायची.

१९८३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा वहीत एक नवं पान होतं. वर्तमानपत्रातला ठिपक्याठिपक्यांचा काळा-पांढरा फोटो, कुरळ्या केसांची एक हसरी बाई. खाली काळ्या शाईत: 'अमेरिकेची पहिली अंतराळवीर स्त्री डॉ. सॅली राइड. उड्डाण १८ जून १९८३.' मी सातवीत होते. त्या सुट्टीत ते पान मी किती वेळा उघडलं असेल! ती वही आज माझ्याकडे आहे.

मुलींना मी सॅलीची गोष्ट टेनिसपासून सांगायला लागते. जन्म १९५१ चा, लॉस एंजेलिसचा. ज्युनियर गटात देशपातळीवर नाव झालं होतं, टेनिसच्या जोरावर शाळेत शिष्यवृत्ती मिळाली होती. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात तिने भौतिकशास्त्र आणि इंग्रजी साहित्य अशा दोन्ही पदव्या घेतल्या. हे सांगितलं की 'सायन्स की आर्ट्स' या घोळात अडकलेल्या मुलींचे चेहरे उजळतात. खगोलभौतिकीत तिची पीएच.डी. संपत आली असताना, १९७७ साली, विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात तिने वाचलं की नासा नवे अंतराळवीर घेतंय आणि बायकांनाही अर्ज करता येईल. आठ हजारांवर अर्ज आले, पस्तीस जण घेतले, त्यांत सहा बायका. सॅली त्यातली एक.

मग येतात ते तिला विचारलेले प्रश्न. तिथे मी मुद्दाम रेंगाळते. आठवड्याभराच्या मोहिमेसाठी पाळीची सोय म्हणून सामानात किती टॅम्पॉन ठेवायचे हे नासाच्या इंजिनिअरांना कळेना. "शंभर हा आकडा बरोबर आहे का?" त्यांनी तिला विचारलं. "नाही, बरोबर नाही," ती म्हणाली. मुली आधी एकमेकींकडे बघतात आणि मग अख्खा वर्ग हसतो. पत्रकारांनी तर कहर केला होता. अवकाशात गेल्याने मूल होण्यावर परिणाम होईल का? काम बिघडलं की तुम्ही रडता का? त्यावर तिने शेजारी बसलेल्या वैमानिकाचं, रिक हॉकचं, नाव घेऊन विचारलं, हे प्रश्न रिकला कुणी का विचारत नाही?

आता बघा, तिच्या घरचं तेव्हा सगळ्यांना हवंच होतं. तिने १९८२ च्या जुलैमध्ये सहकारी अंतराळवीर स्टीव्हन हॉलीशी लग्न केलं होतं, ते सगळ्यांनी आवडीने छापलं. कार्यक्रमात मी त्या लग्नाचं सांगते तेव्हा आजवर एकाही पालकाने मला बाजूला घेऊन "हे कशाला सांगितलंत?" असं विचारलेलं नाही.

तिचं यानातलं काम सांगताना मी जरा वाहवत जाते, त्याला इलाज नाही. चॅलेंजर या तिच्या यानाच्या मालसामानाच्या मोठ्या कक्षात सुमारे पंधरा मीटर लांबीचा एक यांत्रिक हात होता. त्याला खांदा, कोपर, मनगट असे सांधे. सॅलीने तो चालवण्यात इतका हातखंडा मिळवला होता की १९८३ च्या मोहिमेत तिने आणि जॉन फेबियनने एक उपग्रह त्या हाताने अवकाशात सोडला आणि पुन्हा पकडून आत घेतला. तो उपग्रह बाहेर एकटा तरंगत असताना त्याच्यावरच्या कॅमेऱ्याने अख्ख्या चॅलेंजरचा फोटो काढला. खाली निळी पृथ्वी, वर काळं आकाश, आणि मोहिमेचा क्रमांक सात म्हणून यांत्रिक हात सातच्या इंग्रजी आकड्यासारखा वाकवलेला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९८४ मध्ये, ती दुसऱ्यांदा गेली. या खेपेला कॅथरिन सलिव्हनही यानात होती. दोन बायका एकत्र अवकाशात गेल्याची ती पहिलीच वेळ. एका उपग्रहाचं सौर पंख थंडीने गोठून अडकलं, काही केल्या उघडेना. सॅलीने यांत्रिक हातात तो उपग्रह धरून हलवला, मग पंख उन्हाकडे केलं, आणि ते उघडलं. एरवी आपण घट्ट बसलेलं बरणीचं झाकण असंच उघडतो की नाही? थोडं हलवायचं, थोडी ऊब द्यायची.

पण मला तिचं सगळ्यात मोठं काम जमिनीवरचं वाटतं. २८ जानेवारी १९८६ ला तेच चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. सात जण गेले. त्यांतले चौघे सॅलीच्याच १९७८ च्या तुकडीतले होते, ज्युडिथ रेझनिक त्यांतली एक. चौकशीसाठी जो आयोग नेमला त्यात सॅलीला घेतलं. यानाला वर ढकलणाऱ्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यांमध्ये रबराची मोठी कडी बसवलेली असत, त्यांना ओ-रिंग म्हणतात. थंडीत रबर ताठरतं, लगेच फुगून फट बुजवत नाही. उड्डाणाच्या आदल्या रात्री तिथे कडाक्याची थंडी पडली होती.

एक दिवस सॅली आयोगातले दुसरे सदस्य, जनरल डोनाल्ड कुटिना, यांच्याबरोबर चालत होती. चालता चालता, समोरच बघत, तिने आपली वही उघडली आणि डाव्या हाताने त्यांच्या हातात एक कागद दिला. तोंडातून अवाक्षर नाही. कागद नासाचा होता. त्यावर दोन रकाने: एकात तापमान, दुसऱ्यात त्या तापमानाला ओ-रिंगचं रबर किती लवचिक राहतं ते आकडे. कुटिना काय ते समजले. कागद देणाऱ्याचं नाव बाहेर पडता कामा नये म्हणून त्यांनी पुढचा धागा आयोगातलेच भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या हाती वेगळ्याच वाटेने दिला. घरी जेवायला बोलावून गॅरेजमधल्या जुन्या गाडीच्या कार्ब्युरेटरवरून थंडीत रबराच्या कड्यांतून गळती होते असा विषय काढला. पुढे फाइनमननी कॅमेऱ्यांसमोर बर्फाच्या पाण्यात रबराचा तुकडा बुडवून दाखवला, तो पेला सगळ्या जगाला ठाऊक आहे. तो कागद सॅलीने दिला होता हे कुटिनांनी ती गेल्यावरच सांगितलं. जिवंत असेपर्यंत ती स्वतः त्याबद्दल काहीही बोलली नाही.

त्याच चौकशीत रॉजर बोझोले नावाच्या इंजिनिअरने साक्ष दिली. हे रॉकेट इतक्या थंडीत उडवू नका म्हणून आदल्या रात्री भांडलेला हा माणूस. खरं बोलला म्हणून त्याच्याच क्षेत्रातल्या लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. साक्ष झाल्यावर सॅली त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली. एरवी स्वतःला इतकी आवरून धरणारी बाई!

२००३ साली कोलंबिया यान कोसळलं, आपली कल्पना चावला त्यात गेली. त्या चौकशी मंडळावरही सॅली होती. दोन्ही चौकशांत असलेली ती एकटीच.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगतेय की नववीतल्या त्या मुलीने 'सांगितलं नाही' हे शब्द वापरले होते, आणि सॅलीच्या बाबतीत ते शब्द जपून वापरायला हवेत. काय बोलायचं, कुणापाशी, कुठे आणि कधी, हे तिला पक्कं कळत होतं. तिच्या गप्प राहण्याने निदान एकदा तरी कुणाची तरी नोकरी वाचली असेल. अशा बाईने सत्तावीस वर्षं एक गोष्ट स्वतःपाशी ठेवली, तर 'लाजेने लपवली' असं मी तरी म्हणणार नाही.

ती गोष्ट अशी. टॅम ओशॉनेसी आणि सॅली बारा-तेरा वर्षांच्या असताना टेनिसच्या मैदानावर भेटल्या. मैत्रिणी झाल्या. टॅम पुढे व्यावसायिक टेनिस खेळली, मग जीवशास्त्र शिकवायला लागली. वाटा वेगळ्या झाल्या तरी गाठीभेटी सुटल्या नाहीत. १९८५ मध्ये त्या मैत्रीचं प्रेम झालं. तेव्हा सॅलीचं लग्न टिकून होतं. घटस्फोट १९८७ मध्ये झाला. हा भाग मी मुलींपासून लपवत नाही. माणसाचं आयुष्य रांगोळीसारखं ठिपक्यांवरून जात नाही आणि सॅलीचंही गेलं नाही. नंतर मात्र दोघी शेवटपर्यंत एकत्र राहिल्या. सॅली सॅन डिएगोला विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायला लागली. दोघींनी मिळून मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहिली. २००१ मध्ये आणखी तिघांना घेऊन, मुलींना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून 'सॅली राइड सायन्स' ही कंपनी काढली.

घरच्यांना आणि जवळच्या मित्रमंडळींना माहीत होतं. जाहीर मात्र कधी केलं नाही. का, याची कारणं शोधायला फार लांब जायला नको. दोघी ज्या टेनिसच्या जगातून आल्या होत्या तिथे १९८१ साली बिली जीन किंगचं काय झालं ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तिचं एका बाईशी असलेलं नातं कोर्टकज्ज्यातून बाहेर आलं आणि तिचे जाहिरातींचे सगळे करार एका दिवसात गेले. सॅलीच्या कंपनीचं काम शाळांशी आणि पैसे देणाऱ्या मोठ्या कंपन्यांशी, त्यामुळे तिथेही तीच धास्ती. शिवाय स्वभाव. सॅलीची बहीण, बेअर, चर्चमध्ये पाद्री आहे आणि स्वतः समलिंगी असल्याचं ती उघडपणे सांगते. तिने म्हटलंय की आम्ही हाडाचे नॉर्वेजियन, खासगी ते खासगी ठेवणं आमच्या रक्तातच आहे. सॅलीने आपलं आजारपणही असंच ठेवलं. २०११ च्या मार्चमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, दीड वर्ष पुरं व्हायच्या आत, २३ जुलै २०१२ ला, ती गेली, आणि बाहेरच्या बहुतेकांना आजाराचा पत्ताच नव्हता.

शेवटच्या दिवसांत टॅमने तिला विचारलं, तुझ्यामागे लोकांना मी कोण म्हणून सांगू? सॅली म्हणाली, तू ठरव, तू जे ठरवशील ते मला चालेल.

आणि टॅमने ठरवलं. कंपनीच्या संकेतस्थळावर निधनाची बातमी आली, तिच्या अखेरच्या परिच्छेदात एक साधं वाक्य होतं. सॅलीच्या मागे कोण कोण आहे त्याची यादी. सत्तावीस वर्षांची जोडीदार टॅम ओशॉनेसी हे नाव सगळ्यांत आधी, मग आई, बहीण, भाची, भाचा, कंपनीतले चाळीस सहकारी, स्नेही. ना कुठली घोषणा, ना खुलासा.

मी ती बातमी रात्री जेवणं झाल्यावर वाचली. त्या वाक्याशी आले आणि पुढे सरकवेना. मला तीन वर्षांपूर्वीचं एक वाक्य आठवलं, मी स्वतः लिहिलेलं.

आपल्याकडे निधनाची बातमी कशी लिहितात ते तुम्हाला ठाऊक आहे. 'त्यांच्या पश्चात पती, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' २००९ मध्ये आत्या गेली तेव्हा वर्तमानपत्राच्या तालुका कचेरीत बातमी द्यायला घरच्यांनी मला धाडलं होतं, माझं मराठी बरं म्हणून. बाकावर बसून गुडघ्यावर कागद धरून मी लिहिलं: 'त्यांच्या पश्चात दोन भाऊ, भावजया, भाचे, भाच्या असा परिवार आहे.' घरून निघताना धाकट्या बाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "नाव नीट लिहिशील ना? तिथले लोक घाईत ऱ्हस्व-दीर्घ चुकवतात." आत्याचं नाव मी नीट लिहिलं. त्यांचं लिहिलं नाही. लिहायचं असतं हे मनातसुद्धा आलं नाही. एकतीस वर्षं दोघी एका छपराखाली राहिल्या होत्या. आत्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दर दोन तासांनी थेंब घालायला गजर लावून उठायच्या त्या याच बाई. आत्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या पर्समध्ये ठेवायच्या, कारण आत्या विसरायची. आणि आम्ही भाचे-भाच्या, जे वर्षाकाठी पंधरा दिवस जाऊन आंबे खाऊन यायचो, ते 'परिवार' झालो.

त्या दोघी एकमेकींच्या कोण होत्या, त्याला नाव देणं माझं काम नाही. बाईंनी कधी दिलं नाही, मीही विचारलं नाही. एकमेकींच्या घरच्या होत्या एवढं मात्र मला लहानपणापासून दिसत होतं, आणि दिसत असून मी ते लिहिलं नाही.

पुढचंही सांगते. घर आत्याच्या नावावर होतं. तेराव्यानंतर घराचा विषय निघाला. तीन महिन्यांनी धाकट्या बाई आपल्या पुतणीकडे राहायला गेल्या, दोन ट्रंका आणि शिवणाचं मशीन घेऊन. कुणी त्यांना जा म्हटलं नाही. राहा असंही कुणी म्हटलं नाही. मीही नाही. जाताना त्यांनी कात्रणांची वही माझ्या हातात दिली, "तू शास्त्र शिकवतेस, तुझ्या कामाची आहे," म्हणाल्या.

टॅमच्या वाट्यालाही केंद्राच्या कायद्याने फार काही आलं नव्हतं. सॅली गेली तेव्हा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यात दोन बायकांच्या जोडीला जागाच नव्हती. तो कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वर्षभराने, जून २०१३ मध्ये, मोडीत काढला. पण टॅमचं नाव लिहिलेलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅलीला मरणोत्तर 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' दिलं तेव्हा ओबामांच्या हातून ते घ्यायला टॅम उभी होती. सागरी संशोधनाच्या एका जहाजाला सॅलीचं नाव दिलं, त्याचं जलावतरण टॅमच्या हातून झालं. ते एक वाक्य नसतं तर या दोन्ही वेळी टॅमला कंपनीतली एक सहकारी म्हणून मागच्या रांगेत खुर्ची मिळाली असती.

म्हणून नववीतल्या त्या मुलीला आता सांगते: अगं, मी कुणाचं गुपित फोडत नाही. सॅलीने निर्णय टॅमच्या हाती दिला आणि टॅमने तो स्वतःच्या शब्दांत लिहून जगापुढे ठेवला. आयुष्य दोघींचं होतं, आणि एक अजून हयात आहे. तिचं नाव मी गाळलं तर २००९ मध्ये त्या बाकावर बसून जे केलं तेच पुन्हा करीन, फरक एवढाच की या वेळी माहीत असून करीन.

आणि ज्या आयांना काळजी वाटते त्यांना: मी दोनशे मुलींसमोर उभी असते. त्यांतल्या बहुतेकींना ती स्लाइड म्हणजे एक फोटो, दोन बायका उन्हात हसतायत, पुढे चला. क्वचित एखादीला मात्र ती वेगळी भिडते. हात वर करून ती काही विचारत नाही. कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळायला मदत करते, घुटमळते आणि म्हणते, "बाई, तो शेवटचा फोटो परत दाखवता?" असं माझ्याबाबतीत तीनदा झालंय. तिन्ही वेळा मी लॅपटॉप पुन्हा उघडला, मग एसटी चुकली तर चुकली. सॅलीच्या बहिणीने ती गेल्यावर म्हटलं होतं की, आपल्यासारखीच होती आपली ही आवडती हिरो, हे कळल्याने मोठ्या होणाऱ्या समलिंगी मुलांना थोडं सोपं जावं. मी काही वेगळं सांगत नाही.

आपल्याकडे २०१८ मध्ये ३७७ कलमातला, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग गेला. लग्नाचा प्रश्न २०२३ मध्ये न्यायालयाने संसदेवर सोडला आणि तो अजून तिथेच आहे. आणि तालुक्याच्या गावातली दोन खोल्यांची घरं आजही कुणा एकाच्याच नावावर आहेत.

हे लिहू का म्हणून मी धाकट्या बाईंना विचारलं. ऐंशी ओलांडली आहे, कान शाबूत आहेत. सगळं वाचून दाखवलं. त्या भागाशी आल्यावर माझा आवाज फुटेना, तेव्हा त्यांनीच "पुढे वाच" म्हटलं. शेवटी म्हणाल्या, "दे लिहून. नाव तेवढं घालू नकोस माझं."

गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे गेले होते तेव्हा ती वही नेली होती आणि टॅमचा तो पदक घेतानाचा फोटो छापून नेला होता. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "या दोघींचं काही कागदोपत्री होतं का गं?"

"हो," मी म्हटलं. "आजार निघाल्यावर, २०११ च्या ऑगस्टमध्ये, जोडीदार म्हणून नोंदणी केली होती त्यांनी. त्यांच्या राज्यात तेवढी सोय होती."

"शहाण्या होत्या," बाई म्हणाल्या.

खळ आता कुणी करत नाही, पुतणीच्या मुलाची गोंदाची नळी होती. १९८३ च्या कात्रणासमोरचं पान कोरं होतं, तिथे फोटो चिकटवला. बाईंनी पेन मागून घेतलं. हात कापतो, म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि सवयीने वर बघून विचारलं, "खाली काय लिहू?"

मी म्हटलं, "तुम्हीच ठरवा, बाई."

थोडा वेळ त्या पेन तसंच धरून बसल्या. मग लिहिलं, 'टॅम ओशॉनेसी. सॅलीच्या घरच्या.' आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवायला सांगितली.